नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणून
जुन्या वस्तूंची विक्री आणि टपालहशील यांविषयी चार शब्द



पेसाह जवळ आला की आपल्या घरोघरी झाडलोट सुरू होते. हामेत्स शोधण्याच्या निमित्ताने कपाटे पालथी होतात, माळे रिकामे होतात, आणि ज्या वस्तूंचा वर्षभर कोणास विसर पडलेला असतो त्या एकाएकी दिवाणखान्याच्या मध्यभागी येऊन बसतात. पितळेचे घंगाळ, तांब्याची हंडी, नारळ खवणायची विळी, बाजाची पेटी, मराठी पुस्तकांचे गठ्ठे. आपले आईवडील अलिया करून या देशी आले तेव्हा लाकडी पेट्यांतून, येथे ज्यास 'लिफ्ट' म्हणत त्या सामानातून, हे सारे त्यांनी हौसेने आणले. आता ती पिढी एकेक करून निघून जात आहे. दिमोना, बेएरशेबा, रामले, लोद, अश्दोद येथील त्यांची घरे रिकामी होत आहेत आणि या सामानाचे करावे काय, हा प्रश्न मुलांपुढे उभा राहत आहे.

मुंबईस असताना या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुपारच्या वेळी बोहारीण दारात येई, जुने लुगडे उलटेसुलटे करून पाही आणि पुष्कळ घासाघीस झाल्यावर एखादे पातेले देऊन जाई. येथे आल्यावर तिच्या जागी 'अल्ते ज़ाखेन' असे कर्ण्यातून ओरडत फिरणारी गाडी आली. दोघांचाही एक गुण होता. माल उचलून नेण्याचे काम त्यांचे, आपले नव्हे. आज विक्री संगणकावर अथवा हातातील फोनवर होते. 'यद-श्तायीम'सारखे हिब्रू स्थळ असो, फेसबुकचा बाजार असो की ईबे असो, गिऱ्हाईक हैफाचे असेल, लंडनचे असेल किंवा मेलबर्नचेही असेल. बाजार मोठा झाला हे खरे, परंतु माल पोहोचविण्याची जबाबदारी आपल्या शिरावर आली. येथेच चार आण्याच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला लागतो.

हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या मातोश्रींचे घर आवरताना झालेल्या दोन चुकांनी तो आम्हांस शिकविला. त्यांतील पहिली चूक पैशांची होती. दुसरी पैशांची नव्हती, म्हणून ती अधिक बोचते. दोन्ही येथे सांगतो, म्हणजे वाचकांस त्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

घंगाळाची गोष्ट

मातोश्रींचे पितळेचे घंगाळ आम्ही विक्रीस ठेवले. लंडनमधील एका मराठी कुटुंबाने ते पसंत केले. त्यांस त्यात तुळस लावायची होती. आम्ही घंगाळ वजनकाट्यावर ठेवले. बारदानासह साडेसहा किलो भरेल असा अंदाज केला, साडेसहा किलोचा दर पाहिला आणि तेवढेच टपालहशील गिऱ्हाइकाकडून मागून घेतले. माल देण्यास गेलो तेव्हा कुरिअरच्या माणसाने खोक्यास पट्टी लावली आणि साडेसतरा किलोचे पैसे सांगितले. आम्ही वाद घातला, पण चूक आमचीच होती. गिऱ्हाइकास कबूल केलेली रक्कम वाढविणे आम्हांस प्रशस्त वाटेना, तेव्हा फरक पदरचा भरला. घंगाळ गेले आणि त्याच्या किमतीतील बहुतेक भागही त्याच्याबरोबर गेला.

हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्व हिशेबाचे मूळ येथे आहे. विमानातील जागा मर्यादित असते. हलके पण मोठे खोके जड मालाची जागा अडविते. म्हणून कुरिअर कंपन्या खऱ्या वजनाबरोबर 'आकारमानाचे वजन' काढतात आणि दोहोंपैकी जे अधिक असेल त्याचे पैसे घेतात. परदेशी मालासाठी सर्वत्र रूढ असलेली रीत अशी : खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्यास ५००० ने भागावे. येणारा आकडा किलोमध्ये असतो. आमचे खोके ५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ३५ उंच होते. गुणाकार ८७,५००. भागिले ५०००, म्हणजे १७.५ किलो. पितळ साडेसहा किलोचे होते. बाकी अकरा किलो हवा आम्ही पैसे मोजून लंडनला पाठविली.

यातून दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, खोके वस्तूच्या मापाचे असावे. बोटभर जागा मऊ वेष्टनासाठी पुरे, हातभर जागा नको. समजा, एखादा पितळी डबा आपण ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातला, तर आकारमानाचे वजन ७.२ किलो येते. तेच खोके प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर कापून ३५ × २५ × २५ केले, तर ते ४.३७५ किलोवर उतरते. कातरी व चिकटपट्टी घेऊन दहा मिनिटे बसावे लागते एवढेच. दुसरी गोष्ट, पोकळ वस्तूचे पोट रिकामे ठेवू नये. त्या घंगाळात तांब्याचे तांबे, वाट्या, पळ्या, एखादी हंडी असा आणखी अकरा किलो माल एक पैही जादा न देता गेला असता. लंडनच्या त्या बाईंस पुढे आमच्याकडील वाट्या व तांबेही हवे होते. आम्ही आधी विचारलेच नाही. ज्याने एक नग घेतला त्यास, 'आणखी काय आहे ते पाठवण्यापूर्वी पाहता का?' असे विचारणे हा टपालहशील वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन पुडक्यांस जे लागते त्याहून एका पुडक्यास जवळजवळ नेहमीच कमी लागते.

टपालाच्या पायऱ्या

कुरिअरखेरीज दुसरा मार्ग टपालखात्याचा. १८७४ साली बर्न येथे तह होऊन ज्या जागतिक टपाल संघाची स्थापना झाली, त्याच्या नियमांनी देशोदेशींची टपालखाती आजही बांधलेली आहेत. ते नियम आपल्या कामाचे आहेत. परदेशी 'लहान पाकीट' या प्रकाराची मर्यादा २ किलो आहे. आकाराची मर्यादा अशी की लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये आणि कोणतीही एक बाजू ६० सेंटिमीटरहून मोठी नसावी. यापुढे गेलेला माल 'पार्सल' ठरतो आणि त्याचा दर वेगळा व सामान्यतः बराच अधिक असतो.

येथे बारदानाचा काटा पाहावा. १,९०० ग्रॅमची वस्तू १४० ग्रॅमच्या खोक्यात घातली की २,०४० ग्रॅम होते, आणि त्या चाळीस ग्रॅमपायी माल वरच्या वर्गात जातो. स्वयंपाकघरातील वजनकाटा या कामी उत्तम. वस्तू, खोके, वेष्टन, चिकटपट्टी, पत्त्याचा कागद असे सर्व एकत्र तोलावे, आणि तेही विकण्यास ठेवण्यापूर्वी, विकल्यावर नव्हे. २ किलोच्या थोडे वर जात असेल तर जाड पुठ्ठ्याऐवजी पातळ पुठ्ठा वापरावा, किंवा झाकण व भांडे अशी दोन पाकिटे करून काय पडते ते पाहावे. दर देशी टपाल दरांत पायऱ्या असतात. आपला माल कोणत्या पायरीच्या काठावर बसला आहे हे ज्यास कळले त्याचे अर्धे काम झाले.

पुस्तकांस विशेष सवलत आहे. जागतिक टपाल संघाच्या नियमांत पुस्तकांच्या पाकिटास ५ किलोपर्यंत मुभा आहे. याशिवाय एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील मजकुराची एक वेगळी पिशवी असते, तिला 'एम बॅग' म्हणतात व तिची मर्यादा ३० किलो आहे. प्रत्येक देशाचे टपालखाते ही सोय देतेच असे नाही, आणि जेथे आहे तेथेही खिडकीवरील कारकुनास तिची आठवण करून द्यावी लागते. म्हणून पुस्तके पाठवावयाची झाल्यास 'पार्सलचा दर काय?' असे न विचारता 'छापील पुस्तकांचा दर काय?' असे विचारावे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते, असा आमचा अनुभव आहे. मात्र पुस्तकांच्या पिशवीत वाटी-चमचा घालण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास ती पिशवी पुस्तकांची राहत नाही.

देशांतर्गत विक्रीत घरपोच शलिआख मागवण्यापेक्षा 'नकुदत इसुफ', म्हणजे गिऱ्हाइकाने जवळच्या दुकानातून माल उचलण्याची सोय, बहुधा स्वस्त पडते. पोचवणाऱ्यास चार मजले चढावे लागत नाहीत व घरी कोणी नाही म्हणून परत यावे लागत नाही, याचा तो फायदा आहे.

बारदान विकत घेऊ नये

नवी खोकी व फुगेरी वेष्टने विकत घेणे ही उधळपट्टी होय. मकोलेतवाल्याकडे रोज खोकी फेकली जातात. सकाळी विचारल्यास तो आनंदाने देतो. फळांचे खोके मजबूत असले तरी त्यास वरून झाकण नसते, म्हणून औषधांचे अथवा वह्यांचे खोके बरे. आतील भरणासाठी जुनी वर्तमानपत्रे, फाटक्या चादरी, लहान मुलांचे विटलेले कपडे चालतात. कापड कागदापेक्षा जड असते, हे मात्र तोलून पाहावे. पितळेस पितळ घासू देऊ नये. वाट्या एकीत एक बसविताना मध्ये कागद घालावा. विळीच्या पात्यास जाड पुठ्ठ्याचे म्यान करून सुतळीने घट्ट बांधावे व आत धारदार वस्तू आहे असे बाहेर लिहावे. कोणास लागले तर आपण वाचविलेल्या पैशांचे समाधान राहणार नाही. पुस्तके आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात, आणि कोपऱ्यांस दुहेरी पुठ्ठा अशी बांधावीत, कारण पुस्तकाचा कोपराच प्रथम मार खातो.

वेष्टनात काटकसर किती करावी यासही सीमा आहे. फुटून पोहोचलेली चिनी मातीची बरणी सर्वांत महाग पडते. पैसे परत करावे लागतात, टपालहशील बुडते आणि शब्द जातो तो वेगळाच. बांधून झालेले पुडके कमरेच्या उंचीवरून सतरंजीवर टाकून पाहावे. ते करण्यास मन धजत नसेल तर बांधणी अपुरी आहे असे समजावे.

न पाठविण्याची युक्ती

टपालहशील वाचविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे टपालच टाळणे. जाहिरातीत गावाचे नाव ठळक द्यावे व 'इसुफ अत्स्मी', म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः येऊन नेणे, असे लिहावे. पाटा-वरवंटा, लोखंडी खाट, शिवणयंत्र यांस दुसरा मार्ग नाही. आपल्या समाजात तर आणखी एक सोय आहे. लग्न, मलिदा, सिनेगॉगमधील समारंभ यांनिमित्त दिमोनाची माणसे अश्दोदला व लोदची बेएरशेबाला नेहमी जात असतात. गाडीत एक खोके सहज मावते. यात संकोच कसला? मात्र घेणाऱ्याने नेणाऱ्यास पेट्रोलाचे विचारावे, आणि माल कोणाच्या हाती दिला हे लिहून ठेवावे. नातीगोती टिकविण्यास चिठ्ठीसारखे साधन नाही.

परदेशी जाणाऱ्या आप्ताच्या बॅगेतून वस्तू पाठविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती चालू ठेवावी, पण एका अटीवर. वस्तू उघडी द्यावी आणि नेणाऱ्याने ती स्वतः बांधावी. बेन गुरिओन विमानतळावर बॅग कोणी भरली व कोणी काही दिले का, हे विचारतात. तेथे आपल्या भाच्यास खोटे बोलावयास लावणे अथवा अडचणीत टाकणे हे आपणांस शोभत नाही.

परदेशातील जकात

काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त वस्तू परदेशी सहज जात. आता तसे राहिले नाही. ब्रिटनने १५ पौंडांपर्यंतच्या मालास असलेली करमाफी १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची माफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल बिनजकात येई, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबविण्यात आली आणि त्या वेळी अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिकडील पुडकी काही काळ स्वीकारलीच नाहीत. हे नियम वारंवार बदलतात. म्हणून माल विकण्यापूर्वी, त्या आठवड्याचा नियम पाहावा आणि जकात कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी आधीच ठरवावे. माल दाराशी आल्यावर कर मागितला गेला तर पुष्कळ लोक तो घेतच नाहीत, आणि परतीचा प्रवास पुन्हा आपल्याच माथी येतो.

पुडक्यावर जकातीचा कागद लावावा लागतो. कमी किमतीच्या मालास सीएन-२२, अधिक किमतीच्या मालास सीएन-२३. त्यावर 'जुनी वस्तू' एवढेच न लिहिता 'वापरलेले पितळी भांडे', 'जुनी मराठी पुस्तके' असे स्पष्ट लिहावे. विकलेल्या वस्तूस 'भेट' म्हणू नये व किंमत कमी दाखवू नये. तोरा खोट्या वजनमापांस किती कठोरपणे निषिद्ध मानते हे आपण वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात दरवर्षी ऐकतो. जकातीच्या कागदावरील आकडा हेही मापच आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे. पुडके हरवल्यास भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मोजतात.

विजेऱ्यांविषयी एक सूचना. सुट्या लिथियम विजेऱ्या हवाई टपालाने जात नाहीत. जुना फोन विकावयाचा असेल तर प्रथम टपालखात्यास विचारावे. अत्तर व तेलाच्या बाटल्याही घरीच ठेवाव्यात.

भारतातून वस्तू मागविणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथील १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, खाजगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही. अलिबागेकडील घरातील पणजोबांचा दिवा मागविण्यापूर्वी त्याचे वय विचारावे. स्वस्त टपालाचा शोध त्यानंतर.

किंमत कशी मांडावी

टपालहशील किमतीत मिळवून एकच आकडा सांगावा, की निराळे दाखवावे? आमच्या मते दूरच्या गिऱ्हाइकास निराळे दाखवावे व खरे दाखवावे. वस्तू स्वस्त दाखवून टपालहशिलात नफा काढणारे विक्रेते आहेत. तो मार्ग आपला नव्हे. जाहिरातीत वस्तूचे माप, बांधलेल्या पुडक्याचे वजन, डाग-पोचे यांची छायाचित्रे आणि कोणत्या गावाहून माल निघेल हे लिहिले, म्हणजे निम्मे प्रश्न येत नाहीत आणि परत येणारा मालही कमी होतो. परतीचा खर्च कोणाचा, हे आधी लिहावे. वस्तू मौल्यवान असेल तर 'दोआर राशूम', म्हणजे नोंदणी टपाल, अथवा माग काढता येईल असा प्रकार निवडावा. दहा शेकेलच्या वाटीस त्याची गरज नाही. चांदीच्या किद्दुशच्या पेल्यास आहे.

आणि शेवटी एक साधा हिशेब : विक्रीची किंमत, वजा टपालहशील, वजा बारदान, वजा विक्रीस्थळाची दलाली. उरलेला आकडा आपल्या एका संध्याकाळच्या श्रमास पुरेसा नसेल, तर ती वस्तू विकू नये. शेजाऱ्यास द्यावी. तिचा उपयोग होईल, आणि दुआही मिळेल.

जे तोलता येत नाही

आता दुसरी चूक. मातोश्रींच्या कपाटात मराठी पुस्तकांचा एक गठ्ठा होता. कीर्तनाच्या चोपड्या, पाकशास्त्राचे एक पुस्तक, जुने दिवाळी अंक आणि तळाशी मराठी भाषांतरासह छापलेले एक जीर्ण प्रार्थनापुस्तक. मेलबर्नमधील एका बेने इस्राएल मुलीने छायाचित्र पाहून चौकशी केली. आम्ही कुरिअरचा दर विचारला, तो पुस्तकांच्या किमतीच्या कितीतरी पट निघाला. "काका, घाई करू नका, मी महिनाअखेर कळवते," असे ती म्हणाली. आम्हांस घर मालकाच्या ताब्यात द्यावयाचे होते. 'एवढे टपालहशील कोण देणार?' असे मनाशी म्हणून आम्ही तो गठ्ठा जिन्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यांनी तो रद्दीबरोबर नेला.

त्यानंतर आमच्या वडील भगिनींचा फोन आला. त्या प्रार्थनापुस्तकाच्या मागील कोऱ्या पानांवर आजोबांनी घरातील जन्म, विवाह व मृत्यू हिब्रू तिथींसह टिपून ठेवले होते, हे त्यांस आठवत होते. आम्हांस ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते पुस्तक उघडलेच नव्हते. तोलले मात्र होते. आज आमच्या आजीची नहाला नेमकी कोणत्या तिथीस, हे सांगणारे घरात कोणी नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. वजनकाटा काढण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटावे. हस्ताक्षर दिसले तर फोनवर त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यास टपालहशील पडत नाही आणि ते क्षणात मेलबर्नलाही पोहोचते. देवाचे नाव असलेली जीर्ण पुस्तके रद्दीत जाऊ नयेत. त्यांची जागा गेनिझात आहे आणि जवळच्या सिनेगॉगमध्ये ती स्वीकारतात. सेफेर तोरा तर विकण्याची वस्तूच नव्हे. विद्याभ्यास अथवा विवाह यांखेरीज तिच्या विक्रीस आपल्या शास्त्रकारांनी मुभा दिलेली नाही.

काही पुस्तके अशीही असतात की त्यांची किंमत आपणांस ठाऊक नसते. १८७४ साली पुण्यास मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. तिच्यात आपल्या पेहरावातील स्त्रिया मात्झा करीत असल्याची चित्रे आहेत. ती मोझेस जेकब टळकर व आरोन डॅनियल टळकर यांनी सिद्ध केली. १९६८ साली तिची प्रतिकृती अमेरिकेत छापली गेली, म्हणून प्रत हाती आल्यास मुखपृष्ठावरील साल पाहावे. जोसेफ इझिकल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा आपल्या समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. यांपैकी काही माळ्यावर सापडले, तर ते किलोच्या भावाने पाहू नये. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रथम विचारावे. गिऱ्हाईक नंतरही मिळते.

मेलबर्नच्या त्या मुलीस आम्ही घडले ते पत्राने कळविले. तिने उत्तरी एवढेच विचारले की पाकशास्त्राच्या पुस्तकातील काही आम्हांस पाठ आहे का. मातोश्री मलिद्यासाठी पोहे कसे भिजवीत, नारळ व गूळ किती घेत, हे आम्ही आठवेल तसे लिहून धाडले. ते एका साध्या पाकिटात मावले.

घरातील पाटा-वरवंटा तेवढा उरला होता. त्याची जाहिरात आम्ही दिली नाही. बेएरशेबातील एका तरुण जोडप्याने ते ऐकले व दोघे येऊन स्वतः उचलून घेऊन गेले. मुंबई बंदरातून तो दगड कोणत्या हिशेबाने लिफ्टमध्ये चढविला गेला असेल, याचा विचार आमच्या मनात आला. मातोश्रींनी वजन पाहिले नसावे.

सर्व वाचकांस पेसाहच्या शुभेच्छा. हाग सामेआख.